आकडा नेमका कुणाचा?



मागच्या रांगेतल्या कुणीतरी भिंतीवरची बटणं जरा बंद करा. पंखे राहू देत. हां, पुरे.

माझ्या हातात नोटा तपासायचा टॉर्च आहे, किराणा दुकानाच्या गल्ल्यावर असतो तोच. या काचेच्या पेल्यात टॉनिक वॉटर आहे. बाटली काल रात्रीच उघडून ठेवली आणि गॅस पूर्ण जाऊ दिला. का ते आत्ता कळेल. टॉर्च पेल्यावर धरतो. दिसतंय ना शेवटपर्यंत? पाण्यासारखं पेय आभाळी निळं उजळलं. हा निळा उजेड टॉर्चमधून आलेला नाही. टॉर्च देतो तो बराचसा अतिनील प्रकाश, डोळ्यांना न दिसणारा. पेयातल्या क्विनीननं, म्हणजे आपल्या आजी-आजोबांच्या कोयनेलनं, तो गिळला आणि थोडी ऊर्जा स्वतःकडे ठेवून उरलेली निळ्या रंगात परत दिली. याला फ्लुओरोसन्स म्हणतात; मराठीत अनुदीप्ती. ट्यूबलाइटच्या आतला पांढरा लेप याच कामावर असतो आणि पांढऱ्या कपड्यांना लावायचं टिनोपॉलही. काजवा मात्र यात बसत नाही. तो स्वतःचं इंधन जाळतो, त्याला टॉर्च लागत नाही. रिक्षाच्या मागची ‘रेडियम’ची पट्टीही यातली नाही. ती नुसता प्रकाश आल्या वाटेनं परतवते, आणि तिच्यात रेडियमही नसतं.

आता हे मीठ. घरातलंच, अर्धा चमचा. ढवळतो. बघा, निळाई मंदावली. क्विनीन आहे तेवढंच आहे. पण मिठातले क्लोराइडचे आयन त्याला धडकतात आणि त्याच्या हातातली ऊर्जा उजेड व्हायच्या आत जिरवून टाकतात. गॅस असता तर मीठ पडताच सगळं फसफसून टेबलावर आलं असतं. एका शाळेत तसं झालंय, मुलांना प्रयोगापेक्षा तेच जास्त आवडलं. लावा दिवे.

पेला नुसता चमकत होता तोवर त्यानं आपल्याला काहीही सांगितलं नव्हतं. विझवणारा आला तेव्हा तो बोलू लागला.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो, त्या सरांच्या प्रयोगशाळेत मी दोन वर्षं उमेदवारी केली. कुणी आकडा घेऊन गेलं की सर चष्मा कपाळावर ढकलत आणि विचारत, “हा आकडा कुणाचा? द्रावणाचा की यंत्राचा?” तेव्हा तो प्रश्न छळवाद वाटायचा. पुढची तीस वर्षं मी त्याचंच उत्तर शोधत होतो, असं आता लक्षात येतं.

पहिला धडा कारखान्यात मिळाला. पुण्याजवळच्या एका औषध कारखान्यात फर्मेंटरवर रात्रपाळी होती. आत बुरशी वाढत होती. तंतूंची बुरशी असल्यामुळे तिसऱ्या-चौथ्या दिवशी ब्रॉथ पिठल्यासारखा दाट होतो. मक्याच्या स्टीप लिकरचा आंबूस वास अंगातल्या शर्टाला आठवडाभर सोडत नाही. अशा टाकीत सगळ्यात महागडी वस्तू म्हणजे प्राणवायू. साखर लिटरला शंभर ग्रॅम घातली तरी सहज विरघळते. हवेतला प्राणवायू मात्र 37 अंशांच्या स्वच्छ पाण्यात लिटरला जेमतेम 7 मिलिग्रॅम मावतो. दाट वाढलेली टाकी तो मिनिटभरात फस्त करते. म्हणून खालून हवा, मधून अजिटेटर, आणि डोळा सतत टाकीतला प्रोब दाखवतो त्या प्राणवायूच्या आकड्यावर.

त्या रात्री आकडा उतरायला लागला. चाळीस टक्के, तीस, बावीस. मी अजिटेटर वाढवला. आकडा आणखी उतरला. मी हवा वाढवली. मग फेस चढला, अँटीफोम ओतेपर्यंत एक्झॉस्टच्या फिल्टरमध्ये गेला, आणि फिल्टर ओला झाला की बॅचमध्ये बाहेरचे जंतू शिरणार हे ठरलेलंच. ऑपरेटर मामा तिथे वीस वर्षं काम करत होते. ते शांतपणे म्हणाले, “साहेब, टाकीला काही झालेलं नाही. प्रोब आजारी आहे.” तसंच निघालं. प्रोबच्या पडद्यावर बुरशीचा गोळा बसला होता. मी अर्धी रात्र टाकीवर नव्हे, त्या गोळ्यावर उपचार करत होतो.

ते प्रोब क्लार्क पद्धतीचे होते. 1954 साली अमेरिकेत लेलंड क्लार्क यांनी प्लॅटिनम आणि चांदीचे विद्युतध्रुव एका पातळ प्लास्टिक पडद्यामागे झाकले आणि रक्तातला प्राणवायू मोजण्याची सोय झाली. उपकरण थोर आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण त्याचा एक स्वभाव आहे: जो प्राणवायू मोजायचा तोच तो खातो. खातो म्हणून विजेचा प्रवाह वाहतो, आणि प्रवाह वाहतो म्हणून आकडा येतो. त्यामुळे पडद्याजवळ प्राणवायू कमी वेगानं पोचला तर तो इमानदारीत स्वतःची उपासमार कळवतो, आणि आपण ती टाकीची समजतो. आकडा कुणाचा? प्रोबचा.

न खाता मोजता येईल का, या प्रश्नाचं उत्तर अर्ध्या चमचा मिठात आहे. मिठाच्या जागी प्राणवायू ठेवा. काही रंगद्रव्यांची चमक प्राणवायू अशीच विझवतो. त्यांना धडकतो, ऊर्जा घेतो, थोड्या वेळात ती उष्णता म्हणून सोडतो आणि पुन्हा होता तसा होतो. ना तो संपतो, ना रंग. किती विझवणारे असताना किती विझेल याचं साधं समीकरण ओटो श्टेर्न आणि माक्स फोल्मर यांनी 1919 मध्येच मांडलं होतं. 1930च्या दशकात हान्स काउट्स्की यांनी दाखवलं की प्राणवायूचा अगदी लवलेशही अशी चमक विझवतो. जर्मनीत डॉर्टमुंडला डीट्रिश ल्यूबर्स आणि नॉर्बर्ट ओपिट्झ यांनी 1975 मध्ये यातून रक्तातले वायू मोजणारं साधन केलं आणि इलेक्ट्रोडच्या चालीवर त्याला ‘ऑप्टोड’ म्हटलं.

रचना मोठी देखणी आहे. रुथेनियम धातूचं एक नारिंगी रंगद्रव्य सिलिकॉन रबरात मिसळायचं आणि त्याची टिकली करायची. होय, कपाळावरची असते तेवढीच. सिलिकॉनमधून प्राणवायू सहज आत जातो, पाणी आणि क्षार बाहेर राहतात. निळा प्रकाश टाकला की टिकली तांबड्या रंगात चमकते. प्राणवायू जास्त, चमक कमी.

पण इथे सरांचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. चमक कमी झाली ती प्राणवायूनं की आणखी कशानं? दिवा जुना झाला असेल, प्रकाश नेणारा तंतू वाकला असेल, उन्हात पताका विटतात तसं रंगद्रव्य विटलं असेल. नुसती चमक मोजली तर आकडा या सगळ्यांचा मिळून येतो, जणू वर्गणीचा.

यातून सुटका झाली ती किती चमकतं हे सोडून किती वेळ चमकतं हे मोजल्यामुळे. या रुथेनियमच्या संयुगाला प्रकाश दिला आणि बंद केला, तर ते लगेच विझत नाही. प्राणवायू नसेल तर सुमारे 5 मायक्रोसेकंद रेंगाळतं. तेवढ्यात प्रकाश दीड किलोमीटर जातो. नेहमीचं फ्लुओरेसीन घेतलं तर ते 4 नॅनोसेकंदांत संपतं, म्हणजे प्रकाशाच्या चार फुटांत. इतक्या घाईत प्राणवायूला येऊन धडकायला सवडच मिळत नाही. रेंगाळणारा रंग निवडला तो त्यासाठी. प्राणवायू वाढला की रेंगाळणं आखडतं. आणि अर्धा रंग विटून गेला, तरी उरलेला अर्धा तेवढाच वेळ रेंगाळतो.

मायक्रोसेकंद मोजायला एक युक्ती आहे. पोवाडा आठवा. शाहीर ओळ टाकतो आणि झीलकरी ती उचलतात. झीलकऱ्यांचा आवाज बसलेला असो की खणखणीत, ते शाहिराच्या किती मागे आहेत हे कानाला कळतंच. इथे निळा प्रकाश सेकंदाला हजारो वेळा कमी-जास्त करायचा, तो शाहीर. तांबडी चमक त्याच लयीत, पण जरा मागे येते, ती झील. मागे पडण्याचं अंतर मोजायचं, आवाज नाही. बाल्टिमोरला जोसेफ लाकोविच आणि गोविंद राव यांच्या गटानं 1990च्या दशकात याच पद्धतीचा, 121 अंशांच्या ऑटोक्लेव्हमधून सहीसलामत निघणारा प्राणवायू सेन्सर फर्मेंटरसाठी दाखवला. मला विचाराल तर या विषयातलं सगळ्यात शहाणं पाऊल तेच. आता आकडा प्राणवायूचा झाला.

पण शहाणी कल्पना आणि विकत मिळणारी वस्तू यांच्यात एक साधी अडचण होती: निळा दिवा. निळ्या प्रकाशासाठी लेसर नाहीतर मोठा दिवा लागे, आणि फर्मेंटरशेजारी कपाटाएवढं यंत्र कोण ठेवणार? 1993 मध्ये जपानमध्ये शूजी नाकामुरा यांनी भरपूर प्रकाश देणारा निळा एलईडी केला. पुढे तो इतका स्वस्त झाला की आज गणपतीच्या माळेत असतो. त्याच्यामुळे हे यंत्र मुठीत मावू लागलं.

दुसरी गोष्ट घडली ती टाकीतच. पोलादी टाकी धुवा, वाफेनं निर्जंतुक करा, कागद भरा, या चक्राला कंटाळून 1990च्या दशकाच्या अखेरीस विजय सिंग यांनी पेशी चक्क प्लास्टिकच्या पिशवीत वाढवल्या. पिशवी पाळण्यासारखी झुलवायची, लाटांमधून हवा मिसळते, काम झालं की पिशवी फेकायची. अशा गॅमा किरणांनी निर्जंतुक होऊन आलेल्या पिशवीत काचेचा, तारेचा प्रोब खुपसणार कुठून? टिकली मात्र कारखान्यातच आतून चिकटवून येते. बाहेरून पारदर्शक भिंतीतून प्रकाश टाकायचा आणि झील ऐकायची. आत काही शिरत नाही, बाहेर काही येत नाही. महागड्या प्रतिपिंडांची औषधं करणाऱ्या उद्योगानं ही टिकली उचलली, त्यात नवल नाही.

एक कबुली मात्र द्यायला हवी. विक्रेते आम्ल-अल्कलीची, म्हणजे पीएचची टिकलीही त्याच उत्साहानं दाखवतात. ती तितकी गुणी नाही. एका अरुंद पट्ट्यातच ती नीट बोलते, क्षार बदलले की सूर बदलते आणि प्रकाशानं लवकर विटते. गंमत म्हणजे पीएच हीच अनुदीप्तीनं ओळखलेली सगळ्यात जुनी गोष्ट. सोळाव्या शतकात मेक्सिकोहून युरोपात एक लाकूड येई. मूत्रपिंडाच्या विकारावर त्याचं पाणी पीत आणि ते पाणी निळं झळके. सतराव्या शतकात रॉबर्ट बॉइल यांनी पाहिलं की त्यात आम्ल टाकलं की निळाई जाते आणि अल्कली टाकली की परत येते. ‘फ्लुओरोसन्स’ हा शब्द जॉर्ज स्टोक्स यांनी 1852 मध्ये दिला; बॉइल यांच्याकडे नाव नव्हतं, पण सेन्सर होता.

आता टाकीकडून माणसाकडे येतो. शरीर हेही एका अर्थी फर्मेंटरच: 37 अंश, साखर, प्राणवायू, पीएच. फरक एवढाच की बॅच फेकता येत नाही.

इथे प्रकाशाला पहिलं यश हृदयाच्या शस्त्रक्रियेत मिळालं. हार्ट-लंग मशीनवर रुग्ण असताना त्याचं रक्त प्लास्टिकच्या नळ्यांतून फिरतं. पूर्वी रक्ताचा नमुना काढून तपासायला पाठवायचा, आणि उत्तर येईपर्यंत रक्त पुढे निघून गेलेलं असायचं. 1980च्या दशकात नळीतच चमकत्या टिकल्या बसवलेली यंत्रं आली. परफ्युजनिस्टच्या, म्हणजे ते मशीन चालवणाऱ्याच्या, समोर पीएच, कार्बन डायऑक्साइड आणि प्राणवायू सतत दिसू लागले. हे जमलं, कारण नळी ही आपण केलेली वस्तू आहे. ती सरळ असते, रक्त भरपूर वाहतं, आणि रक्त गोठू नये म्हणून रुग्णाला हेपॅरिन दिलेलंच असतं.

मग साहजिकच वाटलं, नळीत जमतं तर धमनीत का नको? केसाएवढे तंतू, टोकाला रंग, मनगटाच्या धमनीतल्या कॅन्युलातून आत. अनेक कंपन्यांनी पैसा ओतला. प्रयोगशाळेत आकडे सुरेख येत. अतिदक्षता विभागात मात्र रुग्णानं मनगट वळवलं की प्राणवायू कोसळायचा, सरळ केलं की परत यायचा. तंतूचं टोक धमनीच्या भिंतीला टेकलं की ते रक्ताचा नव्हे, भिंतीच्या पेशींचा प्राणवायू वाचत होतं. काही तासांनी टोकावर फायब्रिनचं जाळं धरायचं. म्हणजे माझ्या रात्रपाळीतला बुरशीचा गोळाच, फक्त मनगटात. 1990च्या दशकात बहुतेकांनी हात आखडता घेतला. प्रकाश, रंग, गणित, सगळं बरोबर होतं. उभं राहायची जागा चुकली होती. विद्यार्थ्यांना मी यशापेक्षा ही गोष्ट जास्त वेळ घेऊन सांगतो.

तुमच्यापैकी कित्येकांच्या कपाटात कोविडपासूनचा ऑक्सिमीटर पडून असेल. तो अनुदीप्तीवर चालत नाही. रक्ताचा रंग किती प्रकाश शोषतो यावर, 1974च्या सुमारास ताकुओ आओयागी यांनी सुचवलेल्या कल्पनेवर चालतो. पण प्रश्न त्यालाही लागू आहे. सावळ्या-काळ्या त्वचेवर तो कधीकधी प्राणवायू खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो, हे 2020 मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांच्या नोंदींतून ठळकपणे पुढे आलं. आपल्यासारख्या देशात तरी हे लक्षात ठेवायला हवं.

सगळ्यात नाजूक रुग्ण म्हणजे दिवस भरायच्या आत जन्मलेलं बाळ. 1940च्या दशकात अशा बाळांना इन्क्युबेटरमध्ये सढळ हातानं प्राणवायू देत. 1942 मध्ये बॉस्टनच्या टेरी यांनी त्यांच्या डोळ्यांत एक नवाच विकार पाहिला. कारण समजेपर्यंत जगभर सुमारे 10,000 मुलं दृष्टी गमावून बसली. 1951 मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्बेल यांनी बोट प्राणवायूकडे दाखवलं. मग हात आखडला, तर श्वासाअभावी बाळं दगावू लागली. कमी दिलं तर जीव, जास्त दिलं तर डोळे, आणि मधली वाट मोजल्याशिवाय सापडत नाही. त्वचेवर चिकटवायचा इलेक्ट्रोड 1970च्या दशकात आला, पण त्याखालची त्वचा 43-44 अंशांपर्यंत तापवावी लागे, तेव्हा कुठे रक्त वर येऊन प्राणवायू बाहेर झिरपे. त्या पातळ कातडीवर लाल वर्तुळं उठत, म्हणून नर्स दर तीन-चार तासांनी जागा बदलत. आता काही यंत्रांत इलेक्ट्रोडच्या जागी विझणारी टिकली आली आहे. ती प्राणवायू खात नाही, तिला पडदा आणि द्रव बदलावा लागत नाही. पण तापवण्यातून अजून पुरती सुटका नाही. ती अडचण टिकलीची नाही, कातडीची आहे. गोविंद राव यांचा बाल्टिमोरचा गट न तापवता, त्वचेतून वायू झिरपण्याचा नुसता वेग मोजून रक्तातला अंदाज बांधायचा प्रयत्न करतोय. त्यांचं काम मी आशेनं पाहतो.

आणि साखर. 1994 मध्ये टोनी जेम्स आणि सेइजी शिंकाई यांनी जपानमध्ये एक रेणू केला. त्यात चमकणारा भाग आणि त्याला विझवणारा नायट्रोजन एकाच साखळीत, शेजारी बोरॉनिक आम्ल. ग्लुकोज त्या बोरॉनला धरून बसलं की विझवणाऱ्याचे हात बांधले जातात आणि चमक वाढते. प्राणवायूच्या नेमकं उलट: तो विझवतो, साखर विझवणाऱ्याला अडवते. याच धर्तीच्या रसायनावर दंडाच्या कातडीखाली बसवायचा, जेमतेम पाऊण इंच लांबीचा एक सेन्सर अमेरिकेत ‘एव्हरसेन्स’ नावानं 2018 मध्ये मंजूर झाला. आधी 90 दिवस, मग 180, आणि 2024 मध्ये वर्षभराचा. आत छोटा एलईडी, वर दंडावर चिकटवलेला ट्रान्समीटर, दर 5 मिनिटांनी आकडा. शरीरानं त्याच्याभोवती सूज धरू नये म्हणून त्याला डेक्सामेथासोनची कड असते. धमनीतल्या अपयशातून शिकलेला शहाणपणा तो हाच.

तरी आकडा कुणाचा? पेशींमधल्या पाण्याचा, म्हणजे रक्ताचा पाच-दहा मिनिटांपूर्वीचा. आणि मेंदूची सूज उतरवायला शिरेतून मॅनिटॉल दिलं असेल, तर थोडा मॅनिटॉलचाही. तोही शर्करेचा भाऊबंद, बोरॉनला तोही धरतो. टेट्रासायक्लिन चालू असेल तर आकडा खोटा कमी येतो. हे सगळं सोबतच्या पत्रकात छापलेलं असतं. वाचणारे थोडे.

माझा मोठा भाऊ पंधरा वर्षं मधुमेही आहे. रोज सकाळी तो बिबळ्याच्या लाकडी पेल्यात रात्रभर ठेवलेलं पाणी पितो. त्या लाकडाची, म्हणजे विजयसाराची, चाचणी आपल्या वैद्यक संशोधन परिषदेनंही 1990च्या दशकात घेतली होती, म्हणून मी थट्टा करत नाही. गेल्या दिवाळीला हाच टॉर्च घेऊन गेलो होतो. पहाटे अंधारात ते पाणी काचेच्या ग्लासात ओतलं आणि टॉर्च धरला. निळं झळकलं. बॉइल यांचं लाकूड याच्याच गोतावळ्यातलं असावं, असा मी आनंदानं खुलासा करायला लागलो. दादानं ऐकून घेतलं.

“छान चमकतंय,” तो म्हणाला. “आज साखर किती आहे म्हणतंय?”

मी म्हटलं, “दादा, ते नुसतं चमकतं. सांगत काही नाही.”

“मग ते टोचायचं मशीन आण इकडे,” म्हणून त्यानं डावा हात पुढे केला. करंगळीशेजारचं बोट, कडेनं. तिथे कमी दुखतं, असं त्याचं म्हणणं आहे.